माल नसतानाही फोर्कलिफ्ट का उलटते, आणि गोदामात नेमके काय बदलायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवंडीकडच्या एका गोदामात तीन टनांच्या दोन फोर्कलिफ्ट आहेत, एक डिझेलवरची आणि एक बॅटरीवरची. गेल्या आठवड्यात डिझेलची गाडी पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) ठेवून रिकामी परत येत होती. रॅकच्या कोपऱ्यावर वळताना तिची एका बाजूची चाके जमीन सोडून उचलली आणि परत आदळली. कुणाला लागले नाही. ऑपरेटरचे म्हणणे, "गाडीवर माल नव्हता, मग ती उलटणार कशी?" सुपरवायझर विचारतात की यात तथ्य आहे का, आणि ऑपरेटर-हेल्परना काय शिकवायचे.

तथ्य नाही. उलट वळणावर आडवे व्हायचे म्हटले तर रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा लवकर आडवी होते. हे त्या ऑपरेटरला कुणी कधी समजावले नसणार, कारण आपल्याकडे बहुतेक जण हेल्परगिरी करता करता, जेवणाच्या सुट्टीत गाडी फिरवून शिकतात. त्यामुळे आधी कारण नीट सांगतो. कारण कळले की वेग कमी ठेवायला त्याच्या मागे लागावे लागत नाही.

फोर्कलिफ्टला चार चाके दिसतात, पण ती उभी असते तीन बिंदूंवर. पुढची दोन चाके मास्टजवळ, घट्ट बसवलेली. मास्ट म्हणजे फोर्क, म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन लोखंडी दाते, वर-खाली नेणारा उभा सांगाडा. मागचा अक्सल मात्र मधोमध एका पिनवर टांगलेला असतो, म्हणजे खड्ड्यातून जाताना तो डावी-उजवीकडे झुलू शकतो. पुढची दोन चाके आणि मागची ती पिन जोडली की त्रिकोण होतो. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. तो बाजूच्या रेषेबाहेर गेला की गाडी आडवी, पुढच्या रेषेबाहेर गेला की नाकावर. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य मागे, काउंटरवेटच्या (मालाला तोलणाऱ्या मागच्या जड वजनाच्या) बाजूला असतो आणि तिथे त्रिकोण अरुंद होत गेलेला असतो. फोर्कवर माल घेऊन तो जमिनीलगत धरला की गुरुत्वमध्य पुढे, रुंद भागात सरकतो. म्हणून रिकाम्या गाडीला बाजूला कलंडायला थोडाच धक्का पुरतो. काही नव्या गाड्यांमध्ये वळताना मागचा अक्सल आपोआप लॉक होतो, पण तुमच्या गाड्यांत ती सोय नसेल असे धरूनच चाला.

आता यात वेग घाला. वळताना गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५ किलोमीटरने घेतलेले वळण ताशी १० ने घेतले तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. रिकामी गाडी पळतेही जास्त, कारण ऑपरेटरला वाटते की आता सांभाळायला काही नाही. त्यात पुढचे पॅलेट उचलायचे म्हणून त्याने फोर्क आधीच वर घेतलेले असले, तर गुरुत्वमध्यही वर गेलेला असतो. तुमच्या गाडीच्या बाबतीत मी पहिला प्रश्न हाच विचारेन: चाके उचलली तेव्हा फोर्क किती उंचीवर होते? चालत्या गाडीचे फोर्क जमिनीपासून १५० ते २०० मिलिमीटरवर आणि मास्ट मागे झुकलेला असला पाहिजे. माल असो वा नसो.

आणखी एक गोष्ट, विशेषतः टेम्पो किंवा कार चालवून आलेल्यांसाठी. फोर्कलिफ्टचे स्टिअरिंग मागच्या चाकांवर असते. वळताना गाडीची पाठ बाहेरच्या बाजूला झपाट्याने फेकली जाते. पुढे फोर्क कुठे चालले आहेत हे ऑपरेटर पाहत असतो आणि मागे उभा असलेला हेल्पर काउंटरवेट आणि रॅकच्या खांबामध्ये सापडतो. तीन टनांची डिझेल गाडी रिकामी असताना स्वतःच साधारण साडेचार टनांची असते. गाडीच्या बाजूला आणि मागे उभे राहायचे नाही, हा नियम हेल्परला पहिल्या दिवशी, गाडीशेजारी उभे करून दाखवायचा. तोंडी सांगून भागत नाही. गाडी अगदी सावकाश वळवायला लावायची आणि पाठ किती बाहेर येते ते जमिनीवर खडूने आखायचे. तो खडूचा कंस पाहून माणसे जितकी हादरतात तितकी कोणत्याही पोस्टरने हादरत नाहीत.

गाडी खरोखर कलंडायला लागली तर काय करायचे, हे ऑपरेटरला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजे. बाहेर उडी मारायची नाही. गाडी ज्या बाजूला पडते त्याच बाजूला शरीर फेकले जाते, माणूस तिकडेच उडी मारतो आणि डोक्यावरच्या लोखंडी गार्डखाली येतो. जो गार्ड त्याला वाचवायला बसवला आहे, त्याच्याच खाली. सीटचा पट्टा लावलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेले, पाय रोवलेले, अंग पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकवलेले, अशा स्थितीत आतच राहायचे. याला अपवाद एकच: उभे राहून चालवायच्या आणि मागून चढायच्या रीच ट्रकचा (उंच रॅकसाठीच्या फोर्कलिफ्टचा) ऑपरेटर मागच्या बाजूने उतरून गाडीपासून दूर होऊ शकतो. बसून चालवायच्या गाडीत ही मुभा नाही.

पट्ट्याबद्दल प्रत्येक गोदामात एकच तक्रार ऐकू येते: "दिवसातून शंभर वेळा उतरावे लागते, दर वेळी कुठे पट्टा लावू?" तक्रार खरी आहे. म्हणून त्यावरचा उपाय पट्ट्यावरून ओरडणे हा नाही. तो इतक्या वेळा का उतरतो ते पाहा. बहुतेक वेळा तो चलन आणायला, पॅलेटची पट्टी कापायला किंवा वाटेत पडलेली लाकडाची फळी उचलायला उतरत असतो. ही तीनही कामे दुसऱ्या कुणाला देता येतात. उतरणे कमी झाले की पट्टा लावला जातो. गाडी जुनी असून पट्टाच नसेल तर कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडून बसवून घ्या. तोवर ती गाडी उतारावर आणि डॉकवर (ट्रकमधून माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर) लावू नका.

आता माल. इथे ऑपरेटर अंदाजावर चालतो आणि अंदाज बहुतेकदा बरोबर येतो, हेच घातक आहे. गाडीवर एक धातूची पाटी असते. तिच्यावर किती उंचीला, किती लोड सेंटरवर, किती किलो हे लिहिलेले असते. "तीन टनांची गाडी" याचा अर्थ: मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिलिमीटरवर (हे अंतर म्हणजेच लोड सेंटर) असेल आणि उंची पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत असेल, तर ३,००० किलो. गाडी म्हणजे पुढच्या चाकांवर टेकलेला सी-सॉ आहे. एका टोकाला काउंटरवेट, दुसऱ्या टोकाला माल. माल पुढे सरकला की तेवढ्याच वजनाने मागची बाजू उचलली जाते. २.४ मीटर लांबीची पेटी अरुंद बाजूने उचलली तर तिचा मध्य १,२०० मिलिमीटरवर जातो. ढोबळ हिशेब ३,००० गुणिले ५०० भागिले १,२००, म्हणजे १,२५० किलो. तीन टनांच्या गाडीची क्षमता निम्म्याहून खाली आली, आणि गाडीत काहीही बदललेले नाही. हा हिशेब थोडा सावध बाजूचा आहे, कारण गाडी प्रत्यक्षात पुढच्या अक्सलवर टेकते आणि तो फोर्कच्या पाठीमागे असतो. पण गोदामात उभे राहून करायला हाच बरा. नेमका आकडा पाटीवरून किंवा गाडी बनवणाऱ्याकडून घ्यायचा.

दुसरे उदाहरण रसायनांचे. तारापूर, पाताळगंगा, लोटे, महाड या पट्ट्यांत काम केलेल्यांना ते लगेच कळेल, पण तुमच्याकडेही असा माल येत असेलच. लोखंडी पिंजऱ्यातली ती पांढरी हजार लिटरची टाकी सगळ्यांनी पाहिली आहे. पाणी भरले तर ती टनभर. तीच टाकी तीव्र सल्फ्युरिक ॲसिडने भरली तर सुमारे १,८४० किलो, कारण त्या ॲसिडची घनता पाण्याच्या १.८४ पट आहे. बाहेरून दोन्ही टाक्या सारख्याच. दीड टनाच्या गाडीवर सकाळी पहिली सहज उचलली म्हणून दुपारी दुसरी उचलायला गेलेला ऑपरेटर मागची चाके हलकी होताना अनुभवतो, आणि फोर्कवर ॲसिड असते. अर्धी भरलेली टाकी आणखी वेगळी. ब्रेक मारला की आतले द्रव पुढे धावते आणि गुरुत्वमध्य घेऊन जाते. म्हणून वजन मालाच्या कागदावरून वाचायचे, टाकीच्या आकारावरून नाही. आवक नोंदवणाऱ्याने पॅलेटवर जाड मार्करने किलो लिहिले तर ऑपरेटरला कागद शोधावा लागत नाही. फुकटातला उपाय आहे आणि मी पाहिलेल्या गोदामांत याने जितका फरक पडला तितका महागड्या उपकरणांनी पडला नाही.

मागची चाके उचलतात म्हणून काउंटरवेटवर दोन हेल्पर बसवायचे, हा आपल्याकडचा जुना "जुगाड" तुमच्याकडे होत असेल तर तो आजपासून बंद करा. दोन माणसांच्या दीडशे किलोंनी मागची चाके खाली येतात खरी, पण मास्ट, साखळ्या, फोर्क आणि पुढचा अक्सल यांच्यावर त्यांच्या ताकदीपलीकडचा भार तसाच राहतो. शिवाय काही तुटले किंवा माल घसरला की गाडीची पाठ झटक्याने खाली बसते आणि ती दोन माणसे फेकली जातात. गाडीला माल झेपत नाही, हे गाडी स्वतः सांगत असते. माल फोडा किंवा मोठी गाडी मागवा.

ड्रम किंवा कागदाचे रोल पकडणारे क्लॅम्प, फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा साइड शिफ्टर असे काही गाडीला बसवले की क्षमता कमी होते. जोडणीचे स्वतःचे वजन असते आणि ती मालाला पुढेही ढकलते. अशा वेळी नवी पाटी लागते. बॅटरीच्या गाडीत बॅटरी हा काउंटरवेटचाच भाग असतो, तिचे वजन टनाच्या घरात किंवा त्याहून जास्त असते. लेड-ॲसिड काढून हलकी लिथियम बॅटरी टाकणारे हल्ली बरेच दिसतात. पाटीवर बॅटरीचे किमान वजन लिहिलेले असते, ते भरून न काढता बदल केला तर गाडीची उचलण्याची क्षमता गुपचूप घटलेली असते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण जे मला सर्वांत जास्त महत्त्वाचे वाटते, त्याकडे येतो. पायी चालणारी माणसे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ या सरकारी संस्थेने १९८० ते १९९४ या काळातले फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ मृत्यू तपासले होते. त्यात गाडी उलटून गेलेले २२ टक्के, पायी असताना गाडीची धडक बसून गेलेले २० टक्के, गाडीखाली किंवा गाडीने दाबले जाऊन गेलेले १६ टक्के आणि गाडीवरून पडून गेलेले ९ टक्के. आकडे जुने आहेत, देश वेगळा आहे, पण क्रम ओळखीचा वाटेल. तिथे पट्टा आणि प्रशिक्षण आपल्यापेक्षा आधी आले, आणि आपल्या गोदामात पायी माणसे कितीतरी जास्त असतात. माथाडी टोळी, पॅकिंगच्या मुली, ट्रकचे ड्रायव्हर आणि क्लीनर, कुरिअरवाले, चहावाला. त्यातल्या निम्म्यांना तुमच्या गोदामाचे नियम कधी सांगितलेलेच नसतात.

ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २.८ मीटर. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी गाडी पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते, तेव्हा कुठे ब्रेक सुरू होतो. आणि फोर्कलिफ्टला कडक ब्रेक मारता येत नाही. मारला तर माल पुढे घसरतो, उंचावर असला तर गाडीच नाकावर येते. म्हणजे गाडी आणि माणूस एकाच वाटेवर असतील तर ऑपरेटर कितीही चांगला असो, काही वेळा तो थांबवू शकणार नाही. "सांभाळून चालव" म्हणणे इथे निरुपयोगी आहे. वाटा वेगळ्या करायच्या.

वाटा वेगळ्या करणे म्हणजे जमिनीवर पिवळा पट्टा मारणे, असे सगळीकडे समजतात. दोन महिन्यांत पट्ट्यावर पॅलेट ठेवलेले असते आणि माणसे गाडीच्या वाटेवरून चालतात. निदान तीन जागी तरी लोखंडी कठडा लागतो: ऑफिसच्या दारासमोर, संडास-पाण्याच्या जागेकडे जाताना आणि डॉकवरच्या चलन-टेबलाजवळ. दारातून बाहेर पडणारा माणूस थेट गाडीच्या वाटेत येऊ नये, त्याला कठड्यामुळे वळसा घालून, गाडी दिसेल अशा जागी यावे लागले पाहिजे. शक्य असेल तिथे माणसांचे शटर आणि गाडीचे शटर वेगळे करा. एकच शटर असेल तर जेवणाच्या सुट्टीची पहिली आणि शेवटची दहा मिनिटे आणि शिफ्ट बदलताना गाड्या उभ्या ठेवा. मालकाला हे वेळ वाया घालवणे वाटते; त्याला सांगा की त्या वीस मिनिटांत तशीही गाडी माणसांतून वाट काढत रांगतच असते.

ट्रकच्या ड्रायव्हर-क्लीनरचे काय करायचे हा कायमचा प्रश्न आहे. त्यांना "आत येऊ नका" म्हटले तरी ते येतात, कारण माल कमी उतरला असे कुणी म्हणू नये म्हणून ते मोजत असतात. त्यांना डॉकच्या बाजूला, कठड्याआड, जिथून आपला ट्रक दिसेल अशी बसायची जागा द्या. पंखा, पिण्याचे पाणी आणि संडास जवळ असू द्या. माणूस तिथे बसतो. मी हा उपाय जिथे जिथे सुचवला तिथे आधी लोक हसले आणि नंतर त्यांनी तो केला.

पुढचा माल एवढा उंच असेल की वाट दिसत नाही, तर गाडी रिव्हर्समध्ये, मागे वळून बघत न्यायची. उतारावर चढताना मात्र माल चढाच्या दिशेलाच हवा, तेव्हा पुढे बघणारा दुसरा माणूस लागतो आणि तो गाडीपासून बाजूला, ऑपरेटरला दिसेल असा उभा राहतो. भरलेली गाडी चढताना पुढे तोंड करून, उतरताना रिव्हर्समध्ये. रिकामी गाडी याच्या उलट, फोर्क उताराकडे. उतारावर वळायचे नाही, कधीच. कोपऱ्यांवर बहिर्गोल आरसे लावा, पण त्यावर विसंबू नका. गोदामातल्या धुळीत ते महिन्याभरात आंधळे होतात आणि पुसायचे काम कुणाच्याच नावावर नसते. ते कुणाच्या तरी नावावर लिहा. गाडीच्या पुढे-मागे जमिनीवर निळा ठिपका टाकणारे दिवे चांगले आहेत, अंधाऱ्या गाळ्यांत फारच उपयोगी. हॉर्नचे मात्र उलटे आहे. दिवसभर हॉर्न वाजत असेल तर तो कुणालाच ऐकू येत नाही. कोपरा आणि शटर, एवढ्याच जागी वाजवायचा.

पावसाळ्याबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण परदेशी नियमपुस्तकांत जूनमधली भिवंडी नसते. अंगणातल्या चिखलातून आणि पाण्यातून गाडी आत येते, तेव्हा शटरच्या आतले पहिले काही मीटर सर्वांत निसरडे असतात: टायर ओले, जमीन गुळगुळीत. नेमके तिथेच वळण आणि माणसांची गर्दी असते. तिथे खरखरीत पट्टी बसवा, पाणी काढणारा माणूस नेमा, आणि तो आत काम करत असताना गाडी त्या शटरने येणार नाही हे ठरवा. अंगणातले खड्डे पाण्याने झाकले जातात. एक चाक खड्ड्यात आणि फोर्क वर, एवढ्याने गाडी आडवी होते. पावसाळ्याआधी खड्डे बुजवणे हा सुरक्षेचा खर्च आहे, बांधकामाचा नव्हे, असे बजेटमध्ये लिहा म्हणजे मंजूर होईल. उन्हाळ्यात वेगळीच अडचण: लख्ख उन्हातून काळोख्या गाळ्यात शिरताना काही सेकंद ऑपरेटरला धड दिसत नाही. शटरवर थांबून मगच आत. त्या भागातले दिवे दिवसाही चालू ठेवा.

डॉकवर ट्रक हलतो. फोर्कलिफ्ट आत जाऊन ब्रेक मारते तेव्हा प्रत्येक वेळी ट्रक थोडासा पुढे ढकलला जातो आणि डॉकवरून ट्रकमध्ये जायची लोखंडी पाटी व ट्रक यांतली फट वाढत जाते. किंवा ड्रायव्हरला वाटते माल उतरला आणि तो गाडी काढतो, फोर्कलिफ्ट अजून आत असताना. म्हणून चाकांना ठोकळे लावायचे आणि ट्रकची किल्ली डॉक ऑफिसच्या खुंटीवर ठेवायची. शेवटचे पॅलेट उतरून फोर्कलिफ्ट गोदामात परत आल्यावर, डॉक सुपरवायझरच्या हातून ती परत जाते. याबद्दल ड्रायव्हर नाराज होतात. होऊ द्यात. आत शिरण्याआधी ट्रकच्या तळफळ्या बघा. मालासह सहा-सात टन बहुतांशी पुढच्या दोन चाकांवर येतात आणि कुजलेली फळी तेवढे पेलत नाही.

फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस उभा करून वर पाठवणे: नाही. ट्यूब बदलायलाही नाही, वरच्या पॅलेटवरचा एक खोका काढायलाही नाही. गाडी बनवणाऱ्याने मान्य केलेला, मास्टला अडकवलेला, चारी बाजूंनी बंद पिंजरा असेल तरच. नाहीतर शिडी किंवा सिझर लिफ्ट. उचललेल्या फोर्कखालून कुणी जायचे नाही, ते रिकामे असले तरी.

रोजच्या तपासणीचा कागद तुमच्याकडे असेलच आणि तो सकाळी एकाच पेनने, एकाच दमात, सगळीकडे "ओके" लिहून भरलेला असेल. कागद छोटा करा. ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, टायर, खाली तेलाचा डाग, साखळ्या, फोर्क. एवढेच, पण गाडीभोवती फिरून. फोर्ककडे विशेष बघा, कारण ते झिजतात आणि कुणाला दिसत नाही. फोर्क जिथे वाकून उभा होतो ती टाच जमिनीवर घासून पातळ होते. मूळ जाडीच्या १० टक्के झिजली की फोर्क बदलायचा. जाडी दहाच टक्के कमी झालेली असते, पण ताकद साधारण वीस टक्के गेलेली असते. दर महिन्याला कॅलिपरने मोजा. टाचेवर तडा दिसला तर वेल्डिंग करून चालवायचे नाही. गावात वेल्डर चांगला आहे म्हणून अनेक जण करतात. उष्णतेने त्या पोलादाचे गुणच बदलतात. दोन्ही फोर्क जोडीनेच बदला. साखळी ताणून ३ टक्के लांबली की तीही बाद.

वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून उचल-यंत्रांची सखोल तपासणी, ही पद्धत आपल्या कारखान्यांत कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मुळे रुजली. तो दाखला फाइलला हवाच. पण तो दाखला त्या दिवसाच्या गाडीबद्दल बोलतो. परवा फुटलेली हायड्रॉलिक नळी त्याला माहीत नसते.

बॅटरी चार्जिंगबद्दल थोडक्यात. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. चार्जिंग कोपऱ्यात वरून हवा बाहेर जाण्याची सोय, विडी-सिगारेट बंद, बॅटरीवर पाना-पक्कड ठेवायची नाही, डोळे धुवायला वाहते पाणी जवळ. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचे, आधी घातले तर ॲसिड उतू येते. आणि बंद गाळ्यात डिझेलची गाडी दिवसभर चालवू नका. डोके दुखते म्हणणारा हेल्पर बहाणा करत नसतो, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तुमच्याकडे दोन प्रकारच्या गाड्या आहेत, तर डिझेलची अंगणात आणि बॅटरीची आत, एवढी वाटणी आजच करता येईल.

किल्ली. माझ्या मते तुमच्या गोदामातला सर्वांत मोठा धोका कदाचित हाच आहे, न बघता सांगतो. गाडी उभी आणि किल्ली गाडीतच. ऑपरेटर जेवायला गेला, ट्रक आला, हेल्परने "फक्त एक पॅलेट" म्हणून गाडी घेतली. फोर्क जमिनीला टेकवलेले, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि किल्ली ऑपरेटरच्या खिशात, याशिवाय गाडी सोडायची नाही. हेल्परला शिकायचेच असेल तर ती चांगली गोष्ट आहे, त्याला रीतसर शिकवा: रिकाम्या जागेत, सुट्टीच्या दिवशी, शिकवणारा सोबत उभा, आधी माल नाही, मग हलका माल, मग रॅक. आरटीओचे लायसन्स म्हणजे फोर्कलिफ्ट येते असा अर्थ नाही. प्रशिक्षणासाठी बाहेरची मदत हवी तर नवी मुंबईत बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय आहे, गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही ऑपरेटरना शिकवतात. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार ऑपरेटरचे काम दर तीन वर्षांनी पुन्हा तपासावे लागते, आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात झाला तर त्याला पुन्हा शिकवावे लागते. हे आपल्याकडेही स्वतःहून पाळण्यासारखे आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावून सात वर्षे झालेल्या ऑपरेटरच्या सवयी त्या प्रमाणपत्राच्या राहिलेल्या नसतात.

तुमच्या ऑपरेटरकडे परत येतो. त्याचा पगार कापू नका, त्याला गाडीवरून उतरवू नका. त्याने घडलेले सांगितले म्हणून तुम्हाला कळले. शिक्षा केलीत तर पुढचे कुणी सांगणार नाही आणि तुम्हाला थेट अपघातच कळेल. त्याच्यासोबत त्या कोपऱ्यावर जा आणि विचारा: घाई कशाची होती? बहुधा उत्तर मिळेल की तासाला अमुक पॅलेट लागतात, किंवा दारात तीन ट्रक उभे होते आणि ट्रान्सपोर्टवाला फोनवर ओरडत होता. ते उत्तर लिहून घ्या आणि मालकाकडे न्या, कारण ट्रकच्या वेळा ठरवणे ऑपरेटरच्या हातात नाही. दुसरे, सर्व्हिसवाल्याला सांगून दोन्ही गाड्यांचा कमाल वेग आतल्या कामापुरता बांधून घ्या. बॅटरीच्या गाडीत हे बहुधा सेटिंग बदलून होते, डिझेलवर वेगमर्यादक बसवता येतो. तिसरे, त्या कोपऱ्यावरच्या रॅकचे खालचे पॅलेट काढून टाका म्हणजे पलीकडचे दिसेल, आणि रॅकच्या खांबाला वाक आला आहे का तेही बघा. वाकलेला खांब दिसला तर आधी त्यावरचा माल उतरवा, मग दुरुस्तीचे बोला. चौथे, एखाद्या दुपारी, जेव्हा सर्वांत जास्त ट्रक असतात तेव्हा, तासभर त्या कोपऱ्यावर कठड्याआड उभे राहा आणि गाडी व माणूस किती वेळा एकमेकांच्या वाटेत येतात ते मोजा. कठडा कुठे लावायचा हे त्या आकड्यावरून ठरवा, आणि लावल्यावर महिन्याभराने पुन्हा मोजा.